सरावाचं अस्वल

९ जानेवारी

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. तुझं पत्र मिळालं. त्यात बातम्या कमी आणि माझ्या मागच्या पत्रातल्या चुकाच जास्त होत्या. अगं, छापखान्यात दिवसभर मुद्रितं तपासतेस ती पोटासाठी, बहिणीची पत्रं तरी लाल शाई बाजूला ठेवून वाच! फोन करावा तर तुझे कान असे, की मीच ओरडून ओरडून घसा बसवून घेते आणि शेजारीपाजारी दार वाजवतात. म्हणून आपली पत्रंच बरी.

मिरीला तू सांगितलंस म्हणे, की मावशी माकडं सांभाळते. बाई गं, माकडं सांभाळणं सोपं, मी माणसं सांभाळते. प्राणिबागेतला जनसंपर्क म्हणजे दुसरं काय? जिराफाला पिल्लू झालं की वर्तमानपत्रांना कळवायचं. म्हातारा सिंह गेला की लोकांना रडू येईल पण राग येणार नाही, अशा बेताने चार ओळी लिहायच्या. गर्दीच्या दिवशी मधल्या मनोऱ्यावर उभं राहून माईकवर बोलायचं. हरवलेली पोरं माझा आवाज ऐकून रडायची थांबतात, असं आमचे संचालक साहेब चारचौघांत सांगतात. मी मान खाली घालते आणि आतून फुगते.

आता खरी बातमी. मार्चमध्ये आमचा वार्षिक सराव आहे. एखादा प्राणी पिंजऱ्यातून सुटलाच तर काय करायचं, याची रंगीत तालीम. एक माणूस अस्वलाचा पोशाख चढवून अस्वलघराच्या मागच्या बोळातून धूम ठोकतो आणि बाकीचे कर्मचारी जाळी घेऊन त्याला पकडतात. मी इथे आले तेव्हा हा प्रकार म्हणजे नुसती रडारड होती. भोंगा वाजला की लोक घाबरून इमारतींत घुसायचे, एखादी बाई चक्कर येऊन पडायची आणि दुसऱ्या दिवशी तक्रारींचा ढीग. मी म्हटलं, हे असं नाही चालायचं. आधीपासून जाहिरात केली, मुलांना कागदी मुखवटे वाटले आणि माईकवरून सांगायला सुरुवात केली, "भोंगा वाजला? घाबरू नका! जागेवरच थांबा, आणि अस्वल दिसलं की टाळ्या!" गेल्या वर्षी तर भोंगा वाजताच पोरं फाटकाबाहेरून आत पळत आली. पहिल्या पानावर फोटो! यंदा सगळं नीट पार पडलं तर माझी नोकरी कायम होणार, साहेबांनी तसा शब्द दिलाय.

पोशाखात असतात आमचे अस्वलकाका. अस्वलांचे राखणदार. पोट सुटलेलं, पाय वाकडे, पोशाख घातला की खरं अस्वल लाजेल. आणि भिऊ नकोस, मुलं असतात म्हणून त्या दिवशी खरी बंदूक कपाटात कुलूपबंद ठेवायचा नियमच केलाय मी.

तर तू आणि मिरी या. भाऊजींना सुट्टी मिळाली तर तेही. नाही म्हणू नकोस.

तुझी
धाकटी


१८ जानेवारी

धाकटे,

अनेक आशीर्वाद. 'वार्षिक' बरोबर लिहिलंस, याबद्दल शाबासकी.

मिरीने तुझं पत्र वाचलं आणि तेव्हापासून घरात अस्वलच शिरलंय. पलंगाखालून निघते, कपाटामागून निघते. परवा तुझे भाऊजी दाढी करत होते, त्यांच्या पायाला मिठी मारली. गालावर हा एवढा काप! वर म्हणते, "बाबा, टाळ्या वाजवायच्या असतात."

मला हसू आलं, नंतर नाही आलं. आमच्या छापखान्यातही आग लागली तर काय करायचं याचा सराव होतो. कंटाळवाणा असतो, जिने उतरून खाली जायचं आणि अंगणात उन्हात उभं राहायचं. पण माझ्यासारख्या बहिरीलासुद्धा तो पाठ आहे. लाल दिवा लागला की पाय आपोआप जिन्याकडे वळतात. तुमच्या सरावात लोकांच्या पायांना काय शिकवताय? लांडगा आला रे आला म्हणणारा पोरगा निदान फुकट तरी ओरडत होता. तुम्ही तिकीट लावून ओरडताय.

एक विचारते, रागवू नकोस. खरं अस्वल सुटलं तर कुठला भोंगा वाजतो?

यायचं म्हणतेस तर येऊ. मिरीचा जीव त्यात अडकलाय. शिवाय मला तिच्याशिवाय परक्या गावात कुठे जाता येतं? मागून गाडी आली की ती माझा हात ओढते, तेव्हा मला कळतं. माझे कान आता तिच्याच डोक्याला आहेत.

तुझी
ताई


२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझा प्रश्न मी साहेबांना विचारला. भोंगा एकच आहे. साहेब हसले आणि म्हणाले, "खरं कशाला सुटेल?" खरंच आहे. बाग सुरू झाल्यापासून एक मोर सोडला तर इथून कोणी सुटलेलं नाही. मोरही संध्याकाळी आपणहून परत आला, बाहेर त्याला कोणी विचारलं नसावं.

भाऊजींचा गाल बरा आहे ना? मिरीला सांग, खरी अस्वलीण मी तुझ्यासाठी इथे तयार ठेवलीय. तिला आम्ही थोरली म्हणतो. काळीकुळकुळीत, छातीवर पांढरा पट्टा. गेला आठवडाभर मी तिच्यावर छोटी चित्रफीत बनवतेय, 'थोरलीचा दिवस'. ती उठते कशी, खाते कशी, काका तिच्याशी भांडतात कसे. काका तिच्याशी बायकोशी बोलावं तसं बोलतात, आणि घरी बायकोशी काहीच बोलत नाहीत, असं त्यांची बायकोच सांगते.

एक गंमत सांगते. अस्वलघराच्या मागे सरकतं दार आहे, बोळात उघडणारं. बाहेरून त्याला आडवा लोखंडी अडसर. काका दार सरकवतात, अडसर टाकतात आणि वळतात. मी रात्रीचं जेवण करता करता चित्रफीत पुन्हा बघत होते, तर काय दिसलं! अडसर खाचेत बसतच नाही. वर अडकून राहतो. काका लाथ घालतात तेव्हा कुठे खाली पडतो. आणि काका वळले की थोरली दरवेळी, न चुकता, नाकाने दार एकदा ढकलून बघते. दुकान उघडं आहे का ते आपण बघतो ना, तसं. हळूच. जोर न लावता.

काकांना दाखवलं तर म्हणाले, "म्हातारा झालाय अडसर, माझ्यासारखा. लाथेशिवाय कामाला लागत नाही." साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, अडसर बदलायचा म्हणजे चौकटच काढावी लागेल, म्हणजे अस्वलघर बंद. सरावाच्या तोंडावर अस्वलघर बंद ठेवलं तर लोक येतील कशाला? सराव झाला की करू. आणि मला म्हणाले, "चित्रफितीतला तेवढा तुकडा कापा." कापला. फेकला मात्र नाही, माझ्या टेबलाच्या खणात आहे.

अजून एक. काकांनी सरावाचा पोशाख वाळत घातलाय तो थोरलीच्या पिंजऱ्यासमोरच, आणि त्याच्या पोटात गवत भरलंय ते तिच्याच अंथरुणातलं. ती दिवसभर त्याच्याकडे तोंड करून बसते. खाणंही कमी झालंय. काका म्हणतात, "सवत आलीय घरात, जेवण कसं जाईल?" आम्ही सगळे खूप हसलो.

धाकटी


११ फेब्रुवारी

धाकटे,

'एक गंमत सांगते' म्हणतेस. यात गंमत कुठली ते मला दाखव. दार लागत नाही हे तुला माहीत आहे, काकांना माहीत आहे, साहेबांना माहीत आहे. मुख्य म्हणजे त्या अस्वलिणीला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही ते तिकीट काढून येणार.

तुकडा कापलास म्हणून दार लागलं का?

लहानपणी तू काही लपवायचीस तेव्हा मी आईला आधीच सांगायचे, आठवतं? आईला वाटायचं मी चोरून ऐकते. मी कसली ऐकतेय! तुझं तोंड हसायचं आणि मान ताठ व्हायची, म्हणजे बरणी फुटलेली असायची. पत्रात मान दिसत नाही, पण मला ती दिसतेय.

मी स्पष्ट सांगते. अडसर आधी, सराव नंतर. तो दुरुस्त झाल्याचं तुझं पत्र आलं तरच मी मिरीला घेऊन येईन. नाही तर पोरगी रुसली तर रुसली, महिन्याभरात विसरेल. तुझ्या साहेबांना म्हणावं, माझी बहीण कायम होवो न होवो, माझी मुलगी मला कायम हवी आहे.

रागाने लिहिलंय, पण खोडत नाही.

ताई


२२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

किती तो राग! शाई पानाच्या मागे उमटली होती.

अडसराची योग्य ती व्यवस्था करण्यात आली आहे. काळजीचं कारण नाही. सुरक्षिततेला आम्ही नेहमीच सर्वाधिक महत्त्व देतो, हे तुला मी वेगळं सांगायला नको.

आता आनंदाची बातमी ऐक. यंदा साहेबांच्या डोक्यात आलंय, की पहिलं जाळं एखाद्या लहान मुलीने टाकावं. म्हणजे धरायचं नुसतं, टाकायला माणसं आहेतच. फोटोला छान. मी मिरीचं नाव सुचवलं आणि साहेबांनी लगेच मान्य केलं! बोळ जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे ती उभी राहील, सगळ्यांच्या पुढे. तिच्यासाठी छोटी टोपी शिवायला टाकलीय, बागेचं चिन्ह असलेली. तिच्या डोक्याभोवती धागा गुंडाळून माप घे आणि तो उत्तरात घालून पाठव.

काका रोज पोशाख घालून पळायचा सराव करतात. परवा बोळातून धावताना थोरलीच्या दारापाशी थबकले. आतून तिने असा काही आवाज काढला, की मी तसा कधी ऐकला नव्हता. ओरडणं नाही, गुरगुरणं नाही. जड कपाट सरकवल्यासारखा, खालून. काकांनी अस्वलाचं डोकं काढून हातात घेतलं, घामाने निथळत होते. म्हणाले, "माझा वासच ओळखेना झालीय." मग हसले. पण त्यांनी पाणी मागितलं, आणि ग्लास दोन हातांनी धरला.

असो. वयाचा परिणाम. दोघांच्याही.

तुम्ही आदल्या दिवशीच या. माझ्या खोलीत गाद्या घालू.

धाकटी


३ मार्च

धाकटे,

'व्यवस्था करण्यात आली आहे.' मी हे वाक्य दोनदा वाचलं. केली कुणी? तू की तुझ्या टेबलाने? बहिणीला पत्र लिहितेस की वर्तमानपत्राला? एरवी तू लिहिलं असतंस, 'ताई, लोहार आला होता, चांगला दाढीवाला होता, चहा तीनदा प्यायला.' कुठेतरी पाणी मुरतंय असं मनात येतं.

पण तू माझ्याशी कधी खोटं बोललेली नाहीस. लपवलंस, पण खोटं नाही. तेव्हा दुरुस्त झालं असं मी धरून चालते आणि आम्ही येतो. भाऊजींना सुट्टी नाही. धागा पाठवतेय, डोकं वाटतं त्यापेक्षा मोठं आहे.

ताई

मावशी, मी मिरी. आई लिहिते तेव्हा मला हात लावू देत नाही म्हणून खाली लिहिते. भोंगा वाजला की मी सगळ्यांत पुढे असणार ना? मी अजिबात हलणार नाही. आईला मी सांगेन तू काय बोलतेस ते. खऱ्या थोरलीला पण माझा नमस्कार सांग.


२६ मार्च

आदरणीय ताई,

रविवारी आमच्या प्राणिसंग्रहालयात सरावादरम्यान घडलेली घटना अत्यंत दुर्दैवी आहे. तीत एका निष्ठावान कर्मचाऱ्याला प्राण गमवावे लागले. काही प्रेक्षकांना चेंगराचेंगरीत किरकोळ दुखापती झाल्या. बंदूक उपलब्ध होताच परिस्थिती आटोक्यात आणण्यात आली. थोरलीला नाइलाजाने गोळी घालावी लागली.

तू मला न भेटता गेलीस. मी तिकीटघरापर्यंत आले तेव्हा तुम्ही निघून गेला होतात. खोलीवर तुमच्या पिशव्या तशाच होत्या, त्या वेगळ्या पाठवते. मिरीची टोपी रस्त्यावर सापडली. पाठवू का, ते कळव.

चौकशी नेमली गेली आहे. प्राथमिक माहितीनुसार काकांनी पोशाख चढवण्याच्या घाईत अडसर नीट लावला नसावा, असं दिसतं. निवेदनात आम्ही हे सौम्य शब्दांत मांडणार आहोत. गेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलायची कुणाचीच इच्छा नाही.

एक विनंती आहे. फोटोत जाळं धरलेली मिरी दिसते, त्यामुळे बातमीदार तुमचा पत्ता शोधत आहेत. तिला कुणाशी बोलू देऊ नकोस. आणि तुला कुणी विचारलंच, तर एवढंच सांग, की माईकवरून सूचना वेळेवर आणि स्पष्टपणे दिल्या जात होत्या. ते खरंच आहे ना, ताई? मी शेवटपर्यंत बोलत होते. मी माईक सोडला नाही.

माझ्या नोकरीचा प्रश्न आहे म्हणून लिहीत नाही. पण आहे.

आपली
धाकटी


४ एप्रिल

धाकटे,

'आदरणीय' आणि 'आपली'. आपल्या आईने तुझा कान धरला असता.

स्पष्टपणे दिल्या जात होत्या का, ते मला कसं कळणार? मी बहिरी आहे. मी काय बघितलं ते सांगते. सगळं वाच, मधेच पत्र खाली ठेवू नकोस.

मिरी तुझी टोपी घालून पुढे उभी होती, हातात जाळ्याचं टोक. मी तिच्यामागे. भोंगा वाजला असणार, कारण सगळ्यांची तोंडं एकदम उघडली आणि पोरं उड्या मारायला लागली. बोळातून काका आले, वाकड्या पायांनी, पोट हलवत. लोक टाळ्या पिटत होते. माझ्या छातीत त्या टाळ्या धडधडत होत्या, तेवढं मला कळतं.

मग काकांच्या मागून दुसरं अस्वल आलं.

कुणी पळालं नाही, धाकटे. लोक आणखी जोरात हसले. दोन दोन! यंदा काय थाट आहे! शेजारच्या बाईने आपल्या पोराला खांद्यावर घेतलं, नीट दिसावं म्हणून. मलाही क्षणभर वाटलं, अरे वा, पोशाख चांगला शिवलाय.

मला ऐकू येत नाही तेव्हा मी तुझ्याकडे बघते. लहानपणापासूनची सवय. मी वर मनोऱ्याकडे बघितलं. माईक तोंडाशी होता. तोंड हसत होतं. आणि मान ताठ.

मग मी काही बघितलं नाही. मिरीचा हात धरला आणि ओढला. ती येईना! पाय रोवून उभी. माझ्या मनगटाला चावली. मी तिला वेणी धरून फरफटत नेलं, लोक मला शिव्या देत असतील, दिल्या तर दिल्या. तिकीटघराच्या खिडकीतून आत ढकलली आणि मागून मी घुसले. वळून पाहिलं तर काका खाली पडले होते आणि दोन्ही हातांनी अस्वलाचं डोकं उपटत होते. स्वतःचं, पोशाखाचं. लोकांना आपलं तोंड दिसावं म्हणून. ते निघेना. आणि लोक अजून टाळ्या वाजवत होते. माणसाचा जीव जात होता आणि त्याला टाळ्या मिळत होत्या.

घरी आल्यावर मिरी बोलली. तिला विचारलं, अगं, का येत नव्हतीस? तर ती म्हणाली, "मावशी सांगत होती ना, घाबरू नका, जागेवरच थांबा. मावशी सारखी सारखी सांगत होती."

सगळ्यांनी तुझा आवाज ऐकला. मी तुझा चेहरा बघितला. मी बहिरी नसते तर मीही थांबले असते, तुझ्या शब्दावर, तुझ्या त्या गोड आवाजावर, आणि माझी पोरगी आज जाळं धरून तिथेच उभी असती. तुझा आवाज मला ऐकू आला नाही म्हणून ती घरात आहे. हे तुला कळायलाच हवं.

आणि आता त्या माणसाच्या बायकोला तुम्ही सांगणार, की तुझ्या नवऱ्यानेच दार उघडं ठेवलं? सौम्य शब्दांत? मेलेल्याच्या अंगावर आणखी एक पोशाख चढवताय, आणि हाही त्याला काढता येणार नाही.

बातमीदारांना मी काही सांगणार नाही. सांगायचं ते तुझ्या खणातल्या त्या तुकड्यात आहे. तू मला अजून बहीण म्हणून हवी आहेस. त्यासाठी काय करायचं ते तुला माहीत आहे.

टोपी पाठवू नकोस.

ताई


१९ एप्रिल

ताई,

तुकडा दिला. चौकशीवाल्यांच्या हातात, साहेबांच्या समोर. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं? मी हो म्हटलं. व्यवस्था म्हणजे काय केलं होतं, असंही विचारलं. तार. अडसराला एक तार गुंडाळली होती, आणि मी ती स्वतः जाऊन बघितली होती. तुला पत्र लिहायच्या आदल्या दिवशी.

काकांच्या बायकोकडे गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, दाराशी सगळं विसरले. ती म्हणाली, "बसा." आम्ही बसलो. तिने त्यांचा पोशाख मागितला नाही, पण त्याच्या बाहीत अडकलेलं त्यांचं घड्याळ मागितलं. ते मी शोधून देणार आहे.

नोकरी गेली. महिनाअखेरपर्यंत खुर्चीवर बसायचं आहे, तेवढंच. तुला वाटत असेल मी दोन अस्वलं बघून गोंधळले. नाही ताई. मला लगेच कळलं होतं. 'पळा' म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून तेच वाक्य आलं, जे रोज आरशासमोर म्हणत होते. मग दुसऱ्यांदा तेच आलं. थांबवता येईना. मी रडत होते असं मला वाटत होतं, पण तू म्हणतेस तोंड हसत होतं. तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार.

मिरीला माझं काही सांगू नकोस. ती विचारेल तेव्हा सांग.

अस्वलघराला नवीन दार बसलं, नवा अडसर, एका बोटाने खाली पडतो. थोरली नाही, पण दार चांगलं आहे. बाग पुन्हा उघडायच्या आधी काल भोंगा वाजवून बघायचा होता. माईकवर कोणी नव्हतं, फाटक बंद, आत चिटपाखरू नाही. मी खिडकीत उभी होते. भोंगा वाजला आणि रस्त्याच्या पलीकडच्या घरांतून, दुकानांतून, शाळेच्या वाटेवरून पोरं निघाली. लहान लहान. हसत, टाळ्या वाजवत ती फाटकाकडे पळत आली आणि गजांना तोंड लावून आत बघत उभी राहिली.

मी खिडकीतून ओरडले, "पळा! घरी पळा!" ती माझ्याकडे बघून हसली आणि आणखी जोरात टाळ्या वाजवायला लागली.

धाकटी